पेवातला खर्ज

भोंग्याला खर्ज कळत नाही. भोंगा म्हणजे पत्र्याचा गळा. गाणाऱ्याचा आवाज, पेटी, झांज सगळं तो दुसऱ्या गावापर्यंत फेकतो, पण खालचे सूर त्याच्या घशातच मरतात. आणि आदिलाबादकडच्या बेल्याच्या पट्ट्यात सगळ्या भीमजयंत्या भोंग्यावर. म्हणून कित्येक वर्षं मी भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवली आणि ती कुणीही ऐकली नाही.

"तो काय करून राह्यला बे तिथं?" लोक विचारायचे.

"वायर धरून उभा हाय. करंट लागू नये म्हून."

दिवसा मी आदिलाबादला जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन लिहायचो. गिटार लग्नाच्या एका बँडवाल्यानं मोडीत काढलेली. चार तारा, त्यातली एक खुंटी बाभळीची, मीच तासलेली. शिकवणारा कोण असणार? जिनिंगच्या यंत्राचा पट्टा दिवसभर खालच्या आवाजात घुमतो, त्याच्याशी मिळवून मी पहिला सा लावला. तो लागला की डोळे आपसूक मिटायचे. हवेत उडणारा कापूस हळू व्हायचा, बैल हळू व्हायचे, हमालांच्या शिव्यासुद्धा पाण्याखालून आल्यासारख्या मऊ लागायच्या. ज्याला हे वेड वाटतं त्यानं खुशाल वेड म्हणावं.

पण मायचं दुखायचं. माझी माय बयनाबाई आमच्या गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाला पुढं बसायची आणि घरी आल्यावर म्हणायची, "लय गोड वाजवलं बाबू." तिला एक सूरही ऐकू आलेला नसायचा. मला ठाऊक होतं. लोकांच्या टोमण्यापेक्षा ते 'गोड' जास्त लागायचं.

शताब्दीच्या जयंतीला सुधाकरराव मास्तरांनी मला बाजूला घेतलं. पार्टी त्यांची, गळाही त्यांचाच.

"खुशाल, आजची शेवटची. पुढच्या महिन्यात तुझ्या जागी कॅसिओचा कीबोर्ड येते. वाईट नको मानू."

"काऊन?"

"तुझं कोणाले ऐकू येत नाई गा."

"मले येते ना."

"तुले येते म्हून पार्टी चालते का बाप्पा?"

 म्हणजे माझ्या हातात एक संध्याकाळ उरली होती. एकदा, एकदाच मायला खरं ऐकू जावं, मग गिटारीचं सरपण केलं तरी चालेल, असं वाटून गेलं.

स्टेज पटेलाच्या जुन्या खळ्यावर होतं. ती जागा आता बुद्धविहारासाठी आमच्याकडे आलेली. दिवस कलला होता, मोहाचा गोड वास धुळीत मिसळला होता, आणि पिवळ्या उजेडात माणसं चटयांवर स्वप्नात बसल्यासारखी दिसत होती. मी तार छेडली. माझ्यापुरतंच ऐकवणारा माझा स्पीकरचा खोका फळ्यांवर थरथरला आणि पेटीपुढचा माइक किंचाळला.

"काढ तो खोका!" मास्तर ओरडले.

"कुठं ठेवू?"

माइकवाला नागनाथ हसला. "घाल त्या पेवात! थितं कोणाले तरास नाई."

लोक हसले. मग एकदम गप्प झाले, कारण पुढं माय बसली होती.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली ज्वारीची कोठी. आत रांजणासारखी फुगीर, तोंड एक माणूस उतरेल एवढंच. ज्वारी पटेलाची, उतरणारी माणसं आमची. बंद पेवात हवा खराब होते. म्हणून आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा. तो विझला तर उतरायचं नाही, अशी रीत. मी मायच्या पोटात होतो त्या वर्षी पटेलाला बाजार गाठायची घाई होती. कंदील सोडला नाही. माझ्या बापाला सोडलं. दौलत त्याचं नाव. मग पटेलाच्या ओट्यावर ठरलं की दौलतचं हार्ट कमजोर होतं. हार्ट! दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाचं. माय तोंडाशी पालथी पडून हाका मारत होती आणि अर्ध्या भरलेल्या पेवातली ज्वारी त्या हाका गिळत होती. पुढं सगळीकडे कापूस आला, पेव रिकामं पडलं, वर एक दगडी चीप ठेवली गेली.

मी स्टेजवरून उतरलो आणि चीप सरकवायला लागलो. ढोलकीवाला मोतीराम धावत आला, काही न विचारता त्यानं दुसरी बाजू धरली. खोका दोरीनं आत सोडला.

"अबे, मी मजाक केली," नागनाथ म्हणाला.

"मी नाई केली."

मायकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात चालला नसता.

गाणं सुरू झालं. मी पहिला सा वाजवला आणि जमीन कूस बदलल्यासारखी हलली. आवाज कुठून आला ते कुणाला कळेना. तो कानाला नव्हताच. तो तळव्यातून चढत होता, मांडीत, पोटात. तांब्यातल्या पाण्यावर तरंग उठले. शेजारच्या ताराबाईनं चटई उचलून खाली पाहिलं. पोरं पालथी पडून भुईला कान लावायला लागली. मला वाटलं, खळं, लोक, दिवे, सगळं एका मोठ्या संथ जनावराच्या पाठीवर आहे आणि ते झोपेतून जागं होतंय.

माय उठली. पेवाशी गेली, बसली, दोन्ही तळवे भुईवर टेकवले. गाणं संपलं तरी माझा हात थांबेना.

"खुशाल, झालं गाणं," मास्तर म्हणाले.

"तुमचं झालं मास्तर," माय तिथूनच म्हणाली. "तुमी पाणी प्या."

लोक हसले. ती हसली नाही. माझ्याकडे वळली.

"हे तूच का?"

"हाव माय."

"मंग आजपावतर?"

"आजपावतर हेच वाजवत होतो."

 तिचे तळवे भुईवर तसेच.

"मी गोड म्हनत होती. खोटं होतं बाबू."

"माहीत हाय मले."

"हे काई गोड नाई." तिनं मातीवरून हात फिरवला. "हे पेव भरल्यावानी हाय. थांबू नको."

मास्तर माझ्या कानाशी वाकले. "गावोगावी पेव कुठून आनू गा? कॅसिओ येईनच."

"येऊ द्या."

मास्तरांनी पेटीचा भाता मिटला आणि ते खाली जाऊन लोकांत बसले. ताराबाईनं आपली चटई ओढत मायपाशी नेली. माय पेवाच्या कडेला कुशीवर आडवी झाली, दुपारच्या झोपेला घेते तसा पदर तोंडावर घेतला. मी तोच एक सूर वाजवत राहिलो.