मोठ्या सरांच्या भाच्याला मी नापास केलं

मी एक जुना सिम्युलेटर आहे, मित्रांनो, पण मोडीत निघालेला नाही, हे आधीच ठणकावून सांगतो. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, चादरींच्या कपाटाशेजारी माझी खोली आहे. मला हातात धरायच्या दोन मुठी आहेत, पायाशी पेडल आहे आणि डोळ्यांवर चढवायचा एक जाड चष्मा आहे. तो घातला की शिकाऊ सर्जनला समोर पोट दिसतं. पोट खोटं, पण चुकीचं कापलं तर भळाभळा रक्त वाहतं. त्या पोटातून आजवर हजारो पित्ताशयं काढून झाली. मेलं कोणीच नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

इथला नियम एकच: माझ्याकडे पास झाल्याशिवाय खऱ्या माणसाला हात लावायचा नाही. सुरुवातीला माझं काय कौतुक! पुढे चष्म्याचा पट्टा उसवला आणि नवी पोरं मला ‘आजोबा’ म्हणू लागली. माझी देखभाल सिस्टर करतात. पूर्वी त्या ऑपरेशन थिएटरमध्ये मुख्य सर्जनसाठी, म्हणजे मोठ्या सरांसाठी, छोट्या छिद्रातून पोटात सोडलेला कॅमेरा धरायच्या. गुडघे गेले म्हणून माझ्याकडे आल्या. तसे आम्ही दोघेही अडगळीतलेच, पण कुणाला भीक घालत नाही.

एका सोमवारी मोठ्या सरांचा भाचा आला. दुसऱ्या दिवशी त्याचं पहिलं ऑपरेशन ठरलं होतं, लिफ्ट चालवणाऱ्या काकांच्या बायकोचं. पोराचा हात चपळ. अकरा मिनिटांत पित्ताशय बाहेर! मी पडद्यावर लिहिलं: नापास. उजव्या हातातलं हत्यार बदलताना डाव्या हातातल्या चिमट्याचं टोक त्याने नजरेआड जाऊ दिलं होतं. पोटाच्या आत जे टोक दिसत नाही, ते कुठे टोचतंय कुणाला ठाऊक? ते यकृताला टोचलं होतं.

तो तीनदा बसला, मी तीनदा नापास केलं. मग मोठे सर तणतणत आले.

“या खेळण्याचं काय ऐकता, सिस्टर? वहीत पास लिहा.”

“मी नाही लिहिणार, सर.”

“मग उद्याच हे भंगारात टाकतो. थांबा, मीच करून दाखवतो!”

त्यांनी चष्मा चढवला. त्यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाचं मला दडपण? छे! डाव्या चिमट्याचं टोक तसंच नजरेआड गेलं, तसंच यकृताला लागलं. नापास.

“अहो, आजवर माझ्या हातून एकदाही असं झालं नाही!” सर ओरडले.

“कारण टोक दिसेनासं व्हायला लागलं, की मी कॅमेरा मागे घेऊन ते पुन्हा नजरेत आणायचे,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “दरवेळी. तुम्हाला कधी सांगितलं नाही, तेच चुकलं माझं. पण उद्या याच्यासोबत मी नसणार, सर.”

सर खाली बसले. भाचाच बोलला, “मामा, उद्या नको. मी अजून तयार नाही.”

मित्रांनो, माझी काच पुसा, माझ्यावर धूळ बसू देऊ नका, एवढं मी हक्काने मागतो. दयामाया मात्र माझ्याकडे मागू नका. मी कुणाच्या मामाला ओळखत नाही. भंगारात टाकलंत तरी तिथून नापासच लिहीन.

भाचा नवव्या दिवशी पास झाला. मग लिफ्टवाल्या काकांच्या बायकोचं ऑपरेशन त्यानेच केलं आणि काकू बऱ्या होऊन आपल्या पायांनी घरी गेल्या. मोठे सर अजून नापासच आहेत. पास होईपर्यंत थिएटरमध्ये पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनीच ठरवलंय. रोज सकाळी शिकाऊ पोरांच्या रांगेत उभे राहतात. आणि मी त्यांना एका गुणाचीही सूट देत नाही.