कोपऱ्याच्या प्लॉटची बोली

हेमराजला साडू एकच होता, आणि तो एकही त्याला जास्त होत होता.

तळेगावच्या बाजारात हेमराजचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, भाड्याच्या गाळ्यात. चार दुकानं सोडून गजेंद्रचं खत-बियाण्यांचं दुकान, घरच्या मालकीचं. गजेंद्रची बायको रीता आणि हेमराजची बायको दिपाली या सख्ख्या बहिणी. रीता थोरली, म्हणून गजेंद्रही थोरला, आणि हे थोरलेपण तो चोवीस तास अंगावर घालून फिरत असे. हेमराजनं सायकल घेतली की तो स्कूटर घेई. हेमराजनं दुकानाची पाटी रंगवली की दुसऱ्याच आठवड्यात गजेंद्रच्या पाटीवर ट्यूबलाइट लागे. सासरी सणावाराला दोघं एका पंगतीत बसत, पण जेवण होईपर्यंत एकमेकांकडे बघत नसत.

नव्व्याण्णव साली मोतीलालनं अमरावती रोडवरच्या आपल्या शेतात ले-आउट टाकलं. त्यातला कोपऱ्याचा प्लॉट हेमराजच्या मनात भरला. रस्त्याला लागून दोन गाळे निघाले असते. एकात आपलं दुकान, दुसरा भाड्यानं द्यायचा आणि त्या भाड्यातून कर्जाचा हप्ता फेडायचा. ही नुसती हौस नव्हती. गाळ्याचा मालक नत्थूजी यानं दिवाळीनंतर जागा रिकामी करायला सांगितलं होतं, आणि बाजारात दुसरी जागा नव्हती.

हेमराजनं आयुष्यात कधी जमीन घेतली नव्हती, पण हिशेब नीट मांडला होता. पोस्टातली ठेव मोडायची नाही, ती बांधकामाला. प्लॉटच्या किमतीसाठी पतसंस्थेचं कर्ज. मात्र पतसंस्था इसारचिठ्ठी पाहिल्याशिवाय अर्जाला हात लावत नव्हती, आणि मोतीलालनं इसार सांगितला होता पंधरा हजार. तेवढी रोकड एका ठिकाणीच मिळण्यासारखी होती: बाबारावच्या भिशीत.

बाबाराव कापड दुकानदार. दर अमावास्येला त्याच्या दुकानातल्या गादीवर बाजारातले वीस जण जमत आणि प्रत्येकी हजार टाकत. ज्याला नड असेल त्यानं बोली लावायची, की मी वीस हजारांमधले इतके सोडतो. जो सर्वांत जास्त सोडेल त्याची भिशी, आणि सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटून जात. नड नसलेलाही बोली चढवू शकत असे. बोली अंगावर पडली तर मात्र भिशी मुकाट्यानं उचलावी लागे.

पाच हजारांच्या वर जायचं नाही, असं हेमराजनं ठरवलं. तसं दिपालीला सांगितलंही. मोतीलालशी बोलणं झालं होतं: अमावास्येपर्यंत तो थांबेल, नंतर जो इसार टाकेल त्याचा प्लॉट.

अमावास्येला दुपारी सगळे गादीवर बसले. मोतीलालही होता, भिशीत त्याचाही एक हिस्सा होता. चहा झाला आणि बाबारावनं विचारलं, "बोला, कोणाले पाहिजे?"

"दोन हजार," हेमराज म्हणाला.

"तीन," गजेंद्र भिंतीला टेकूनच म्हणाला.

"तुमाले कायची नड आली, भाऊ?" कोणीतरी हसत विचारलं.

"नड काय, लहान्या साडभाऊची गंमत पाहून राह्यलो."

हेमराज साडेतीनवर गेला. गजेंद्र चारवर. हेमराज साडेचारवर. गजेंद्रनं सुपारी गालात फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "याची उडी पाच हजारापर्यंत हाय. त्याच्यावर घरून परवानगी नाई. नाई का गा, हेमराज?"

गादीवर हशा पिकला. हेमराजच्या कानशिलात आग उठली. पाचचा आकडा त्यानं फक्त दिपालीला सांगितला होता. दिपालीनं बहिणीला सांगितला, बहिणीनं नवऱ्याला.

"मी पाच म्हणतो," गजेंद्र म्हणाला. "आता बोल."

"साडेपाच!"

बोलून गेल्यावर हेमराजला कळलं, आता इसाराला पाचशे कमी पडणार. ते गल्ल्यातून काढता आले असते.

"सहा," गजेंद्र लगेच म्हणाला.

पण या वेळी हेमराजनं त्याच्याकडे नीट पाहिलं. गजेंद्रची मान भिंतीपासून सुटली होती. सुपारी चघळणं थांबलं होतं. सहा हजार सोडून भिशी उचलायची आणि उरलेले सगळे महिने हजार हजार भरत बसायचं, हे त्याच्या आता ध्यानात आलं असावं. तो हेमराजच्या तोंडाकडे पाहत होता, आणि त्या पाहण्यात पहिल्यांदाच विनवणीसारखं काहीतरी होतं.

हेमराजला साडेसहा म्हणता आलं असतं. दीड हजार कमी पडले असते. ते घरातून, उधारीतून कुठूनही जमले असते. तो शब्द ओठापर्यंत आला होता. पण इतक्या वर्षांत साडू असा कधी हातात सापडला नव्हता.

हेमराज मागे भिंतीला टेकून बसला.

"सहा एक वार," बाबाराव म्हणाला. "सहा दोन वार. हेमराज?"

"भाऊले नड हाय नं," हेमराज म्हणाला. "घेऊ द्या भाऊले."

"सहा तीन वार. गजेंद्रभाऊची भिशी."

आता हशा दुसऱ्या बाजूनं उसळला. "गंमत महाग पडली, भाऊ!" "पार्टी द्या, पार्टी!" प्रत्येकाच्या वाट्याला तीनशेच्या वर आले, तेही फुकटात. गजेंद्रचा चेहरा काळाठिक्कर पडला. बाबारावनं चौदा हजार मोजून समोर ठेवले, तरी तो हात लावेना. हेमराजला वाटलं, आजच्या दिवसाला तोड नाही.

"आता या पैशाचं काय करू मी?" गजेंद्र नोटांकडे पाहत पुटपुटला. मग त्याची नजर वर आली आणि मोतीलालवर जाऊन थांबली. "मोतीलालभाऊ, तो कोपऱ्याचा प्लॉट कोणाले देल्ला का?"

हेमराजनंही चमकून मोतीलालकडे पाहिलं.

"आजच्या भिशीपर्यंत हेमराजसाठी ठेवला होता," मोतीलाल म्हणाला. "भिशी तं झाली."

"इसार पंधरा म्हणता नं? माह्यापाशी चौदा हाय."

"चौदा तं चौदा. आण. चिठ्ठी आताच करून देतो."

"मोतीलालभाऊ!" हेमराज उभाच राहिला. "मले पंधराच्या खाली चालत नाई म्हटलं होतं तुमी!"

"मी पंधरा म्हटलं. खाली चालत नाई, हे तूच धरून बसला. विचारलं होतं का तुनं?"

हेमराजनं विचारलं नव्हतं. सांगितलेला इसार कमी करून मागता येतो, हे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

गजेंद्रनं चौदा हजार उचलून मोतीलालच्या हातात दिले. आता त्याला पुन्हा सुपारी चघळता येऊ लागली.

घरी आल्यावर हेमराजनं चपला काढायच्या आधी तोंड उघडलं. "तुया बहिणीनं घात केला. पाचचा आकडा तिले काऊन सांगितला तुनं?"

"ताईनं विचारलं, मी सांगितलं," दिपाली म्हणाली. "गुपित हाय असं तुमी म्हटलं होतं का?"

"तुले समजत नाई?"

"मले समजते. भाऊजीनं सहा म्हटल्यावर तुमी काऊन थांबले, ते सांगा. शेजारच्या विमलाबाईचा पोरगा भिशीत होता, तो सांगून गेला आत्ता. साडेसहा म्हटले असते तं प्लॉट आपला होता."

"तो अडकला होता. त्याचा चेहरा पाहाले पाहिजे होता तू."

"चेहऱ्यात दुकान टाकता का आता?"

हेमराज चपला न काढताच दुकानाकडे परत निघाला.

आठ दिवसांनी गजेंद्र स्वतः हेमराजच्या दुकानात आला, कित्येक वर्षांनंतर पहिल्यांदा. उंबऱ्याच्या आत आला नाही. पायरीवर उभा राहून म्हणाला, "दोन गाळे काढून राह्यलो, बाप्पा. एकाले गिऱ्हाईक हाय. दुसरा तुले पाहिजे असन तं सांगजो. साडभाऊ हायस म्हणून पगडी घेत नाई. भाडं मात्र दर महिन्याच्या एक तारखेले."

हेमराजनं हातातला वह्यांचा गठ्ठा घट्ट धरला. त्याला एकच शब्द बोलायचा होता आणि तो शिवीचा होता.

दिपाली आत हिशेब करत बसली होती. ती बाहेर आली, नवऱ्याकडे न पाहता पायरीपर्यंत गेली आणि म्हणाली, "किती भाडं घ्यान, भाऊजी?"