तीन प्रार्थनांचा वेळ

मुख्य नर्स गोडलीव्ह वारली त्याला एकवीस दिवस झाले होते, आणि तिच्या मुलीचं, वेर्लेचं, ऑपरेशन तिच्याच जुन्या थिएटरमध्ये ठरलं होतं. गर्भाशयात गाठी होत्या. वेर्ले सदतीस वर्षांची होती आणि तिला मूल हवं होतं. गाठींची भीती नव्हती, भीती नंतरची. जखमा भरताना आतलं एकमेकांना चिकटतं, नळ्या बुजतात, आणि गाठी गेल्या तरी कूस रिकामीच राहते.

"घाबरू नकोस," डॉक्टर डी कोनिंक म्हणाले. "पापुद्रा मागवलाय. जखमेवर अंथरायचा, भरेपर्यंत आड राहतो, मग आपोआप विरघळतो. गोडलीव्हची लेक म्हणून खास."

गेंटच्या त्या इस्पितळात हे डॉक्टर देव न मानण्याबद्दल प्रसिद्ध होते. पण गोडलीव्हने तीस वर्षं त्यांना प्रार्थनेला उभं केलं होतं. पोट शिवण्याआधी आत धुवायचं, हात मागे घ्यायचे, आणि मनात मेरीमातेची प्रार्थना तीनदा म्हणायची. तेवढ्यात कुठे रक्त पाझरतंय का, ते बघायचं. भिंतीवर घड्याळ होतं. "घड्याळाला तुम्ही घाई करता," ती म्हणायची, "मेरीमातेला करता येत नाही." स्वतः ती नाताळखेरीज चर्चची पायरी चढत नसे.

वेर्ले शुद्धीवर आली तेव्हा उशाशी आईची मैत्रीण रोझालिंड बसली होती. थिएटरमध्ये आता तिचं राज्य. डॉक्टर पायाशी उभे होते, तोंड फुगवून.

"पापुद्रा बसला?" वेर्लेने विचारलं.

"विचार तुझ्या मावशीला. हातात देईना."

"दोन प्रार्थना झाल्या नाहीत तोच यांनी हात पुढे केला," रोझालिंड म्हणाली. "तिसरीत रक्त दिसलं. वाहत्या रक्तावर पापुद्रा घालून काय उपयोग, पोरी? मग टाका घातला, धुतलं, पुन्हा तीन."

"आणि खात्रीसाठी वर आणखी तीन!" डॉक्टर म्हणाले. "एकूण नऊ. माझ्या आजीच्या दफनालाही एवढ्या म्हटल्या नव्हत्या मी. गोडलीव्ह गेली, पण सुट्टी काही दिली नाही बाईनं."

"बसला की नाही शेवटी?"

"बसला. कोरड्यावर."

"म्हणजे आता चिकटणार नाही?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "शक्यता कमी झाली. खात्रीच हवी असेल तर पुन्हा आत जाऊन बघावं लागेल."

"आणि बघितलं की?"

"नवी जखम. तिथंही चिकटू शकतं."

"मग कळायचं कसं?"

"मूल झालं की," रोझालिंड म्हणाली.

वेर्लेला हसू फुटलं, आई गेल्यानंतरचं पहिलंच. टाके ओढले गेले. तिने दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं, आणि डोळे वाहू लागले तेव्हा दोघांनीही ते दुखण्यावर ढकललं.