कागद असल्याची खोटी साक्ष

तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. खटकचिंचोळीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराच्या चिठ्ठ्या देणारं एक यंत्र होतं. त्याच्या पोटात, कागदाच्या वाटेवर बसवलेला हरभऱ्याएवढा सेन्सर म्हणजे मी.

मी वर उजेड सोडतो, तुम्हाला न दिसणारा. वर पांढरा कागद असला की तो उजेड उलटून माझ्याकडे येतो. आला नाही, की मी यंत्राला सांगतो, कागद संपला. यंत्र थांबतं, लाल दिवा लागतो. पलीकडे माझा एक सोबती आहे. कागद कापून पातं जागेवर परतलं का, एवढंच तो बघतो.

यंत्र दवाखान्यात नोंदणीला बसणाऱ्या पवित्राच्या ताब्यात होतं. डॉक्टर बिदरहून फक्त गुरुवारी येत, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसे. तुरीच्या राशींचे दिवस आले आणि रस्त्याची धूळ माझ्यावर बसली. कागद असूनही मला दिसेना. मी सारखा यंत्र थांबवायचो आणि लोक पवित्रावर खेकसायचे. कापसाचा एक बोळा फिरवला असता तरी भागलं असतं, पण तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. तिनं नखाएवढी पांढरी पट्टी माझ्यावर चिकटवली. इतक्या जवळून धुळीतूनही उजेड परत येऊ लागला. दिवा विझला. मग मला कायम कागदच दिसत राहिला.

एका गुरुवारी जवळच्या निर्णा गावची भागाबाई आली. तुरी बडवताना भुसकट उडून डोळ्यात गेलं होतं. डोळा लालभडक, पदर त्यावर दाबलेला. तिनं बटण दाबलं. कागदाचं रीळ नेमकं तेव्हाच संपलं होतं. मी म्हणालो, कागद आहे. पातं हवेत फिरून आलं. सोबती म्हणाला, पातं परतलं. त्याचं खरं होतं. खोटं मीच बोललो.

"चिठ्ठी न्हाई आली की," भागाबाई म्हणाली.

पवित्रा फोनवर होती. "मशीन वाजली न्हवं? बसा अक्का, नंबर येतंय."

भागाबाईला वाचता येत नव्हतं. ती बाकावर बसली. मागच्यानं बटण न दाबताच कागद संपल्याची ओरड केली तेव्हा पवित्रानं नवं रीळ घातलं. यंत्राच्या हिशेबी भागाबाईचा एकोणतीस नंबर देऊन झाला होता, म्हणून मागच्याला तीस मिळाला. एकोणतीस पुकारला गेला, कुणी उठलं नाही. दुपारी डॉक्टर निघून गेले.

"माझं कवा?" भागाबाईनं विचारलं.

"चिठ्ठी कुठं हाय?"

"आलीच न्हाई म्हणलं न्हवं."

पवित्रा रस्त्यापर्यंत धावली. गाडी गेली होती. "अक्का, आजच्या आज बिदरला जावा," ती परत येऊन म्हणाली. भागाबाईनं मान हलवली, पण ती गेली नाही. रास उघड्यावर पडली होती.

पुढच्या गुरुवारी आली तेव्हा बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आठ दिवस कामून घालवलात?"

"आलते की मी," एवढंच ती बोलली.

पवित्रा दारात उभी होती. "सर, चूक माझी हाय," ती म्हणाली, आणि पट्टीचं सगळं सांगितलं. भागाबाईला त्या डोळ्यानं पुन्हा दिसलं नाही.

महिन्यानं पवित्रा निर्ण्याला जाऊन आली. परतल्यावर तिनं झाडणाऱ्या शरणम्माला सांगितलं, "चहा दिला त्यांनी. म्हणल्या, सुई ओवाय येत न्हाई, बाकी सगळं होतंय. तू रडू नको."

तिनं पट्टी काढली, कापसानं मला पुसलं. पण त्या यंत्रावर विसंबायला तिचं मन धजेना. आता ती वहीच्या पानांवर हातानं नंबर लिहून देते, प्रत्येकाच्या तळहातावर ठेवते. यंत्र जिन्याखाली पोत्यात आहे, आणि त्यात मी. मला आता स्वच्छ दिसतं, पण कुणी काही विचारत नाही.

माझ्यासारखे कितीतरी सेन्सर तुमच्या दुकानांत, बसमध्ये, दवाखान्यांत आहेत. त्यांनी काम अडवलं तर रागवा, पण त्यांचं तोंड बांधू नका. संपलं असेल तेव्हा त्यांना संपलं म्हणू द्या.