उरलेलं औषध

नायट्यावरचं नवं औषध बुरशीला मारतं, याबद्दल विशाखाला शंका उरली नव्हती. ते माणसाला झेपेल का, हे बघायला नांदेडच्या प्रयोगशाळेत ती महिनाभर उंदरांना ते पाजत होती. आधी उंदरांनी खाणं टाकलं. आज कापून बघितले, तर एकूण एक उंदराचं लिव्हर पिवळं पडलेलं. सहा वर्षं मातीत गेली! तिनं वही टेबलावर आपटली.

तेवढ्यात उंदरांची देखभाल करणारे केरबामामा आले. रोजचं उरलेलं औषध नष्ट करायचं काम त्यांच्याकडे होतं.

"मामा, हे औषध आता बंद. आहे तेवढं टाकून द्या."

मामांचा चेहरा पडला. "आसं नका करू, ताई. म्या ते कधी टाकलंच न्हाई. इतकं भारी औषध मोरीत ओतायला हात धजला न्हाई. रोज घरी नेऊन बायकोला, पंचफुलाला पाजत राहिलो. चार सालाचा नायटा पार गेला बघा तिचा."

विशाखानं आपटलेली वही पुन्हा उघडली.

"चार दिवस झाले, तिनं जेवण टाकलंय," मामा म्हणाले. "तेवढ्यावर कायतरी द्या."