लेमारचे आकडे

लेमार टिलिसने चाळीस वर्षं मासे धरले आणि चाळीस वर्षं खोटं बोलला. हेकरू मासे कुठे लागले असं कुणी विचारलं, की पूर्वेहून आला असेल तर पश्चिमेकडे बोट दाखवायचा. चांगल्या जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, कॅराबेल बंदराच्या धक्क्यावर कुणीच कुणाला सांगत नाही. पण लेमारने सख्ख्या थोरल्या भावालाही फसवलं, आणि तेही एकदा नव्हे. शेवटी एकदा हॉलिस तीन दिवस डिझेल जाळून रिकाम्या हाताने परतला आणि त्याने भावाशी बोलणंच टाकलं. अकरा वर्षं.

आता लेमार राख होऊन एका खोक्यात आला होता आणि त्याची बायको वर्ना भर उन्हात सिमेंट कालवत होती.

इच्छा लेमारचीच. माझी राख सिमेंटमध्ये मिसळा, त्याचा भोकाभोकांचा पोकळ घुमट करा, आखाताच्या तळाशी सोडा, मासे राहायला येतील. आणि घुमटावर हॉलिसच्या पंजाचा ठसा पाहिजे. वर्नाने त्याचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं.

नातेवाइकांनी नाकं मुरडली. चर्चमागे घरची जागा असताना हे काय खूळ? मखमलीची गादी, पितळी कड्यांची पेटी, वर सहा फूट माती. ज्या माणसाला बंद खोलीत कधी झोप लागली नाही, त्याला मेल्यावर कोंडायचं आणि त्याला आदर म्हणायचं! वर्नाला त्या आदराची शिसारी आली. आदर करणाऱ्यांपैकी एकजण तरी आजारपणात त्याचं भांडं उचलायला आला होता का?

ती राख तिने स्वतःच्या हातांनी मिसळली. शेजारणींनी ओल्या घुमटावर कालवांचे शिंपले खोचले, एकीने लेमारचं आवडतं शिवीगाळीचं वाक्य बोटाने कोरलं, आणि सगळ्या पोट धरून हसल्या.

"काकू, वीस मिनिटं," घुमट ओतणारी ब्री म्हणाली. "नंतर पंजा नाही, छिन्नी लागेल."

तेवढ्यात फाटकाशी हॉलिसची गाडी थांबली; वर्नाचा निरोप पोचला होता. तो उतरला मात्र नाही. वर्ना सिमेंटने माखलेल्या हातांनीच तिकडे गेली.

"उतरा भाऊजी."

"आईशेजारी जागा ठेवलीय त्याची. आणि तू त्याला खेकड्यांच्या तोंडी देतेस?"

"जन्मभर त्यांनी खेकडे खाल्ले. होऊ दे फिटंफाट."

"हात मागू नकोस माझा. त्या लबाडाने मला एक खरा आकडा दिला नाही गं, वर्ना. सख्खा भाऊ मी!"

वर्नाने हात झग्याला पुसले, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या मांडीवर टाकला. घुमट कुठे बसणार, ते त्यावर लिहिलं होतं. हॉलिसने चष्मा चढवला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे आकडे खरे?"

"अशा घुमटांच्या जागा सरकारच छापतं. ज्याला हवं त्याने यावं आणि गळ टाकावा."

"लेमारला ठाऊक होतं?"

"खाली सही कुणाची आहे?"

हॉलिसचे आधी खांदे हलले. मग तो इतका हसला, की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. "हरामखोर! द्यायला मरावं लागलं होय रे तुला?"

"हसा नंतर! सुकतंय ते!" वर्ना ओरडली.

साठी उलटलेला माणूस अंगण ओलांडून धावला. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं. दोन बोटं जाळं ओढणाऱ्या यंत्राने नेली, तेव्हा लेमारनेच सदरा फाडून रक्त थांबवलं होतं. हॉलिसने पंजा टेकला. सिमेंट दबेना. त्याने अंगाचा भार टाकला, दात आवळले. वर्नाने त्याच्या हातावर आपले दोन्ही हात ठेवले, ब्रीने तिच्या हातांवर, आणि तिघांनी मिळून रेटलं. हात काढला तेव्हा तीन बोटं स्वच्छ उमटली होती.

"दोन कमी आहेत," ब्री म्हणाली.

"बरंय. अंधारातही ओळखेल," हॉलिस म्हणाला आणि त्याने पालथ्या हाताने नाक पुसलं.

पुढच्या वर्षी एका रविवारी तो वर्नाच्या दारात उभा राहिला. हातात मांडीएवढा हेकरू.

"कुठे लागला?" वर्नाने विचारलं.

हॉलिसने सवयीने पश्चिमेकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच ओशाळला. "लेमारकडे. घर भरलंय गं त्याचं, दारात गर्दी आहे नुसती."

तळलेले तुकडे ताटात पडले. जेवायला पाद्रीबाबाही होते. मासा कुठला, हे कळताच त्यांचा घास हातातच थांबला. त्यांनी वर्नाकडे पाहिलं, हॉलिसकडे पाहिलं, घास तोंडात टाकला, आणि सावकाश चावून झाल्यावर ताट पुढे केलं.

"आणखी एक तुकडा वाढा," ते म्हणाले. "शेपटीकडचा."