टाकीला लुकण

सहदेवाला होडीच्या फटी बुजवता येत होत्या, आणि म्हणून जगातली सगळीच भोकं आपल्याला बुजवता येतात असं त्याचं ठाम मत होतं. होडीच्या फटीत कापूस ठासायचा, वर चंद्रूस आणि माशाचं तेल कढवून केलेलं लुकण थापायचं, की दर्याची काय टाप आहे आत यायची! किनाऱ्यावर त्याच्या लुकणाला तोड नव्हती, हे मीही मान्य करतो. पण गडी तेवढ्यावर थांबेल तर ना!

त्या साली त्याने होडीला रॉकेलवर चालणारं मशीन बसवलं. आमच्या वाडीतलं पहिलं. गणपती गेले आणि मशीनची टाकी तळाला गळायला लागली. रॉकेल थेंबथेंब होडीत पडायचं, आणि होडीतच बांगडे.

हे बांगडे त्याची बायको गोदूबाई मालवणात दारोदार विकायची. मास्तर, कारकून, वकील अशी तिची बांधलेली घरं होती. ती म्हणाली, "अवो, टाकी एसटीन कट्टा गावाक घेवन जावा. थंय भोकाक कथलाचो डाग देवन देतत."

"खुळी काय गो! अख्ख्या दर्याक मी आत येवक देणंय नाय. ह्या वाटीभर रॉकेल भायर कसा जाता ता बघतंय."

आणि त्याने टाकीला लुकण लावलं. आता लुकणाचं वैर पाण्याशी. रॉकेलात ते विरघळतं. हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं, पण सहदेवाला सांगणार कोण? सकाळी लावलेलं दुपारी पातळ व्हायचं, मग हा वर दुसरा थर द्यायचा. टाकीला गालगुंड झाल्यासारखं दिसायला लागलं. एका संध्याकाळी तो ओरडतच घरी आला, "बंद झाला गो, गळणा बंद झाला!" झालं होतं खरं. टाकी रिकामी झाली होती.

तिकडे लीलाबाई मास्तरणीने बांगडा नाकाला लावून विचारलं, "गोदूबाई, हे दर्यातून आणलेस की रेशनच्या दुकानातून?" दुसऱ्या दिवशी त्या दाराला कडी होती. मग शेजारच्याही. भरली पाटी परत आली आणि बांगडे खत म्हणून माडाच्या मुळात गेले. माडांनी तक्रार केली नाही, तेवढाच सहदेवाला आधार.

मला त्याचा असा संताप आला! बाईने उन्हातान्हात पाय झिजवून जोडलेली घरं हा एका भोकापायी घालवत होता. का, तर एसटीत टाकी मांडीवर घेऊन बसलो तर लोक हसतील. लोक कधीचे हसत होते.

दुसऱ्या सकाळी किनाऱ्यावर लिलावाला महादूचे बांगडे आले. महादू अजून वल्ही मारायचा. मशीन आल्यापासून सहदेव त्याला माणसात धरत नव्हता. पहिली बोली गोदूबाईची, शेवटचीही तिचीच.

सहदेव धावत आला. "अगो, ते म्हादूचे! आपले हय आसत."

"तुमचे माडांका घाला. माज्या घरांका वास नसललो बांगडो व्हयो."

भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, कुणीतरी हात लावावा लागतो. आणि गोदूबाईच्या पाटीला नवऱ्याशिवाय कुणी हात लावत नसे. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "लावा हात."

महादू बघत होता. सहदेव वाकला, पाटी उचलली आणि बायकोच्या डोक्यावर ठेवली. चांगलीच जड होती.